पाठकोऱ्या कागदांचे मास्तर

आपटेकर मास्तर मयताला गेले तरी निघताना हळूच विचारत, "पाठकोरे कागद असतील का काही?" आमच्या समोरचे नाना वारले तेव्हा त्यांच्या मुलाने चिडून दवाखान्याच्या रिपोर्टांचा गठ्ठा मास्तरांच्या अंगावर फेकला. मास्तरांनी तो खाली बसून गोळा केला, कडा जुळवल्या आणि म्हणाले, "उत्तम कागद आहे. नानांचे उपकार झाले."

एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा असा कोणताही कागद दिसला की त्यांना तो सोडवत नसे. सिनेमाच्या जाहिराती, जुनी कॅलेंडरं, बँकेचे रद्द फॉर्म, सगळं चालायचं. त्या कोऱ्या बाजूवर ते घरच्या सायक्लोस्टाइल मशीनवर शाळेतल्या मुलांसाठी पानं छापत आणि पायी फिरून पनवेलच्या आणि आसपासच्या गावांतल्या बारा शाळांत फुकट वाटत. कोणी पैसे देऊ केले तर म्हणत, "पैसे नकोत. वाचा."

मी त्यांची शेजारीण. तळ्याजवळच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत. मशीन फिरायला लागलं की माझ्या फळीवरचे डबे वाजायचे. मी चौथी शिकलेली. नवरा एस.टी.त मेकॅनिक होता, तो गेला आणि मी एकटी राहिले. मास्तरही एकटे. ते ज्यू होते, मूळचे आपट्याचे. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. बायको वारलेली आणि एकुलती मुलगी रूथ लग्न करून इस्रायलला गेलेली. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार, त्या दिवशी मशीन बंद. एकदा एका शाळेचे हेडमास्तर शनिवारी दारात येऊन उभे राहिले, सोमवारी तपासणी आहे, दहा पानं आत्ता काढून द्या म्हणून. मास्तर म्हणाले, "रविवारी या. देवाने सहा दिवसांत जग केलं, तुमची दहा पानं काय घेऊन बसलात."

पानांत काय असे? सगळं असे. पाताळगंगा कुठून निघते. आगबोटी येण्याआधी कोकणच्या बंदरांतून काय काय परदेशी जात असे. शिरढोणच्या क्रांतिकारकाने सरकारशी भांडण का मांडलं. जळू रक्त कसं पिते. पाचवीपासून आठवीपर्यंतच्या पानांना ओळीने नंबर होते, आणि सातवं पान वाचल्याशिवाय आठवं मिळत नसे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, शाळेची पुस्तकं आहेत की." ते उसळले. "पुस्तकात नदीला आठ ओळी आहेत, वहिनी. आठ ओळींत नदी मावते का? पोराच्या डोक्यात काही घातलंच नाही तर ते विचार कशाचा करणार?"

"आधी माहिती, मग मत," हे त्यांचं पालुपद. नळावर भांडण लागलं की ते बादली घेऊन मध्येच उभे राहत. "आधी माहिती, मग मत. पाणी किती वाजता आलं? पहिला नंबर कोणाचा?" माहिती गोळा होईपर्यंत पाणी जायचं.

पाठकोऱ्या कागदांपायी एकदा मार खायची वेळ आली होती. इलेक्शनमधल्या एका उमेदवाराची उरलेली पत्रकं त्यांना मिळाली, आणि जळवेचं पान नेमकं त्यावर छापलं गेलं. पुढून साहेबांचा हात जोडलेला फोटो, मागून जळू, तोंडासकट. कार्यकर्ते आले. "मास्तर, हा काय प्रकार आहे?" मास्तरांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "जळवेबद्दल काही चुकलंय का? चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करतो." ती माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली.

एक मात्र त्यांचा नियम होता. कोणतंही पान छापण्याआधी ते मला वाचून दाखवायचे. माझ्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि चष्म्यावरून बघायचे. "कळलं?" मी नाही म्हटलं की पान टराटरा फाडायचे. आधी मला राग यायचा, मी काय फुटपट्टी आहे का म्हणून. मग सवय झाली. माझं 'नाही' ऐकून एवढ्या शिकलेल्या माणसाचा चेहरा पडतो, हे बघायला बरंही वाटायचं.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास त्यांनी मिठागराचं पान लिहिलं. त्या दिवशी माझ्याकडे भाचीच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. गॅसवर पापलेट, दारात मास्तर. मी सगळ्याला हं, हं करत गेले. "कळलं?" "कळलं." पान छापलं गेलं, वाटलं गेलं.

आठ दिवसांनी खाडीकडच्या एका गावातली बाई शाळेत येऊन उभी राहिली. ती आणि तिचा नवरा मिठागरावर काम करणारी. तिच्या मुलीने घरी पान मोठ्याने वाचलं होतं. ती हेडमास्तरांना म्हणाली, "मास्तरनी लिवलंय, अष्टमीच्या भरतीला मिठागरात पानी घेतात. अष्टमीला भांगाची भरती. पानी तितवर चढतच नाय. उधान येतं आवसेला न् पुनवेला, तवा बांदाची उघाडी खोलतात न् पानी आत घेतात. पोरीनं हे परीक्षेत लिवलं तर गाव हसंल तिला."

बाईचं म्हणणं सरळ होतं. पण हेडमास्तरांना हवंच होतं काहीतरी. मास्तरांच्या पानांमुळे मुलं वर्गात नको ते प्रश्न विचारतात, ही त्यांची जुनी तक्रार. त्यांनी ते पान शिक्षण खात्याच्या साहेबांकडे पाठवलं, आणि साहेबांनी त्या हेडमास्तरांच्याच शाळेच्या हॉलमध्ये बैठक लावली.

मी गठ्ठा धरायला म्हणून मास्तरांबरोबर गेले. हॉलमध्ये बारा हेडमास्तर, मध्ये साहेब. साहेब पान हलवत म्हणाले, "अभ्यासक्रमात नसलेला मजकूर, तोही चुकीचा, तोही रद्दीवर. हे तपासतं कोण?"

मास्तर माझ्या हातातल्या गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिले. पनवेलला येऊन मला चाळीस वर्षं झाली, पण राग आला की माझी गावची बोली बाहेर पडते. मी उठून म्हटलं, "मी तपासते. चूक माझी हाय. माझा बाप मिठागरावर मेला. मला ठावं असून मी ऐकलं नाय, कालवणाकडं ध्यान होतं."

हॉल हसला. साहेबांनी विचारलं, "आपलं शिक्षण?"

"चौथी. पण अष्टमीला मिठागरात पाणी चढत नाही हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? बाराही शाळांत पान गेलं. एकाही गुरुजीला चूक दिसली नाही. दिसली ती मिठागरावरच्या बाईला."

हसणं थांबलं. साहेबांचा चेहरा आंबला. ते म्हणाले, "आजपासून हे वाटप बंद."

आता मास्तर उठले. "बंद करा. पण त्याआधी मी बाराही शाळांत जाऊन चूक दुरुस्त करणार."

"आजपासून म्हणजे आजपासून."

"म्हणजे चूक मुलांच्या डोक्यात तशीच राहू द्यायची. ठीक आहे, तसं लेखी द्या." त्यांनी गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद काढून साहेबांपुढे सरकवला. "यावर चालेल."

साहेबांनी कागदाला हात लावला नाही.

मास्तर चार दिवस लाल पेन्सिल घेऊन हिंडले. वर्गावर्गात जाऊन प्रत्येक मुलाच्या पानावर अष्टमी खोडून अमावास्या-पौर्णिमा लिहिलं, आणि चूक कोणी दाखवली तेही सांगितलं. त्या बाईच्या मुलीच्या वर्गात तर टाळ्या वाजवायला लावल्या. ज्या गुरुजींनी ते पान आजवर उलटूनही पाहिलं नव्हतं, त्यांनीही चूक काय म्हणून ते वाचलं. मिठागर सगळ्या पनवेलला पाठ झालं.

पाचव्या दिवशी बंदीचा कागद बाराही शाळांना पोचला. मास्तरांच्या मशीनवर चादर पडली. माझे डबे गप्प झाले. आठ दिवस मी वाट बघितली आणि मग गेले. ते रूथला पत्र लिहीत बसले होते.

"येतो म्हणून कळवतोय," ते म्हणाले. "केव्हाची बोलावतेय. इथे आता काय आहे?"

"तिथे काय आहे? त्यांची भाषा तुम्हाला येत नाही. वाचून कोणाला दाखवणार?"

"शाळा घेत नाहीत, वहिनी."

"शाळा गेल्या खड्ड्यात. माझ्या ओट्यावर गठ्ठा ठेवा, वर दगड ठेवा. शाळेतून येता-जाता पोरं उचलतील. ओटा माझा आहे. तिथे साहेबांची हद्द नाही."

ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "चूक तुमची नव्हती. तुम्ही ऐकत नव्हता हे मला त्या दिवशी दिसत होतं."

"मग थांबला का नाहीत? छापलंत कशाला?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "ही असताना रोज तिला वाचून दाखवायचो. ती पहिल्या ओळीलाच डुलकी घ्यायची. तरी मी शेवटपर्यंत वाचायचो. समोर कोणी बसलेलं असलं की मला पुरतं, वहिनी. त्या दिवशी तुम्ही हं म्हणत होता. थांबलो असतो तर तुम्ही आत गेला असता."

डोळे पुसणं मला जमत नाही आणि पाठीवर हात ठेवण्याएवढी आमची ओळख नव्हती. मी म्हटलं, "नवीन काही लिहिलंय का?"

त्यांनी पत्राखालून एक पान काढलं. चंद्र भरती कशी आणतो त्याचं. छापायचं नव्हतं, कोणी घेणारही नव्हतं, तरी लिहून ठेवलं होतं. मी खाली पाय दुमडून बसले. त्यांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला मी हात वर केला.

"नाही कळलं."

मास्तर पान फाडायला निघाले. मी म्हटलं, "फाडू नका. का नाही कळलं ते आधी ऐका." आणि सांगायला लागले. सांगता सांगता संध्याकाळ झाली, दिवा मीच उठून लावला. ते लिहून घेत होते, रूथला लिहायला घेतलेल्या पत्राच्या पाठीमागे.