बत्तीसची खोली

आमच्या शेजारचे सोनकांबळे काका कुणाच्याही घरी गेले की जयभीम-नमस्काराच्या आधी भिंतीला हात लावतात. तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा, उलटा हात. मग मान हलवतात आणि घरातल्या बाईला विचारतात, "ही पश्चिमेची ना? मग हिलाच खेटून कशाला झोपायलाव?" वालूरच्या शाळेत बदली होऊन मी राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघराची भिंत तपासली. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे काय प्रकरण आहे! चहा टाकावा की दार लावून घ्यावं, तेही सुचेना.

काका वायरमन म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच असतात. सगळी नोकरी खांबावर गेल्यामुळं जगाकडं ते अजून तारेवरूनच बघतात. शाळेतून येताना मला रस्त्यात थांबवून वर बोट करायचे. "मॅडम, ती तार बघा उन्हानं किती लोंबायली. मी नवा लागलो तवा मे महिन्यात बी एवढी खाली येत नव्हती. आता होळी झाली न्हाई अन् ही तऱ्हा. हवामान बदललं म्हून आमाला कुणी शिकवायची गरज न्हाई, आमी वर चढून हात भाजून घेतलेत."

मी पोरांना हाच धडा पुस्तकातून शिकवते. त्यांना बाहेर नेऊन तार दाखवावी हे मला कधी सुचलं नव्हतं. पण त्या माणसानं मला नसती सवय लावली. सकाळी दार उघडलं की माझी नजर तारेकडं जायची आणि तिथून घराच्या मागच्या बाजूला. कारण आमच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, बीपीची गोळी चालू, आणि झोपायचा हट्ट मागच्या पत्र्याच्या खोलीतच. "मी इथंच मरनार," एवढं बोलून विषय संपवायच्या.

काकांचं सगळं आयुष्य त्या वेळी एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. बत्तीस. त्याचं असं झालं, की दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा पुण्याहून मे महिन्यात लेकीला घेऊन आला होता. आरू तेव्हा चार वर्षांची. तिसऱ्याच दिवशी तिला ऊन लागलं, उलट्या झाल्या, सेलूला नेऊन सलाईन लावावं लागलं. जाताना सूनबाई रडत होती आणि मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, दुपारी दोनला ही खोली बत्तीसवर आणा, मग आणतो पोरीला." माणूस रागात बोलतो तसं तो बोलून गेला असेल. काकांनी मात्र ते वाक्य ऑर्डर आल्यासारखं घेतलं. भिंतीला खिळा ठोकून थर्मामीटर टांगला आणि कामाला लागले.

पहिल्या उन्हाळ्यात छतावर कडबा अंथरला. कडब्यात उंदीर झाले, उंदरांमागं धामण आली आणि धामणीमागं अख्खी गल्ली काठ्या घेऊन काकांच्या छतावर चढली. मग त्यांनी कुंभाराकडची तडकलेली मडकी आणून छतभर पालथी मांडली. सासूबाईंनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आरं देवा, जित्या माणसाच्या घरावर मडकी मांडत्यात का कुणी!" काका खालूनच ओरडले, "आक्का, मडक्यात हवा ऱ्हाती, हवेतून ऊन लवकर उतरत न्हाई. मेलेल्याचं न्हाई, जगायचं हाय ते." त्यावर त्यांनी मातीचा थर देऊन वरून पांढराशुभ्र चुना फासला. त्यांची खोली गार झाली, पण माझं घर चढावर, त्यामुळं त्या चुन्यावरचं ऊन उसळून खिडकीतून थेट माझ्या ओट्यावर! मी भाकरी थापताना आंधळी व्हायची वेळ आली. असं भांडले, असं भांडले की गल्ली गोळा झाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर काकांनी माझ्या खिडकीला गोणपाटाचा पडदा शिवून टांगलेला.

"एक कूलर घ्या ना काका, सुटाल," मी एकदा वैतागून म्हटलं.

"कूलर? लाईट गेली की कूलर म्हंजे रिकामा डबा. अन् समद्यांनी लावले की खांबावरची डीपी जळती, मग गल्लीच अंधारात. आधी ऊन अडवा, मग हवा मागा."

हाच माणूस हिवाळ्यात उन्हाची खुशामत करतो. गच्चीवर काळ्या पायपाचं वेटोळं काचेखाली ठेवून पाणी तापवतो, आणि परभणीकडच्या त्या बोचऱ्या थंडीत आम्ही सगळे बादल्या घेऊन त्यांच्या दारात. लाकूड नाही, गॅस नाही. "थंडीत त्याला आत घ्यायचं, उन्हाळ्यात भाईर ठेवायचं. एवढंच शास्त्र हाय मॅडम."

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी काका थर्मामीटर छातीशी धरून आमच्या दारात पळत आले. "बत्तीस! मॅडम, बत्तीस!" मुलाला फोन केला तर तो म्हणाला, उद्या दोनला व्हिडिओवर दाखवा, तेवढंच असेल तर रात्रीच्या गाडीनं निघतो. काकांनी संध्याकाळी आरूसाठी खारे शेंगदाणे आणले, नवी चादर आणली. मला तीन वेळा विचारलं, "उद्या वारा कुठला ऱ्हाईल हो?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोठा आवाज झाला आणि गल्लीची डीपी जळाली. पंखे बंद. साडेबाराला मी मागच्या खोलीत गेले तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, अंग कोरडं तापलेलं, हाक मारली तर भलतंच बोलायल्या. मी किंचाळले असणार, कारण काका पुढच्या मिनिटाला आत होते. "आक्काला माझ्या खोलीत घ्या. पाय धरा." डॉक्टर येऊन गेले, सुई दिली, म्हणाले, उन्हं उतरेपर्यंत इथून हलवू नका, अंग पुसत राहा.

तेवढ्यावर काका थांबले असते तर? पण नाही. ते दारोदार फिरले. पलीकडची ओली बाळंतीण तान्ह्यासकट आली, दोन म्हातारे आले, आणखी चार बायका आल्या. खोली गच्च भरली. मी सासूबाईंचं अंग पुसता पुसता वर बघितलं. थर्मामीटर पस्तीसवर होता आणि दोनला पाच मिनिटं कमी होती.

"काका," मी म्हटलं, "बाकीचे दहा मिनिटं बाहेर बसतील."

"अन् तान्हं लेकरू?"

"मग थर्मामीटर ओल्या फडक्यात धरा. उतरेल. कुणाला कळतंय?"

तारेवर आकडा टाकून वीज चोरताना पकडलेल्या गिऱ्हाईकाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी मोबाईल सरळ थर्मामीटरसमोर धरला. मुलगा म्हणाला, "पस्तीस आहे बाबा. लाईट पण नाही वाटतं. मागच्या वेळचं आठवतंय ना? पुढच्या वर्षी बघू."

"हाव. बरोबर हाय तुझं," काका म्हणाले. "नका येऊ."

फोनवर मध्येच आरूचं तोंड आलं. तिनं आमच्याकडं नीट बघून घेतलं. "आबा, हे सगळे आलेत तुमच्याकडं. मग मीच का नको?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला, बादलीतला तांब्या घेतला आणि दारावरच्या गोणपाटावर पाणी मारत राहिले. मी त्या पोरीला काय सांगितलं ते मला आज आठवत नाही. काहीतरी खोटंच सांगितलं असेल. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरी सासूबाईंना तिथून उचलावं असं एकदाही वाटलं नाही.

पाणी मारून झाल्यावर काका उंबऱ्याबाहेर जाऊन बसले. तिथं सावली वीतभरच होती.

"काका, आत या. लय ऊन हाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. मी भाईर बसलो की आत एक माणूस कमी. तेवढंच आक्काला गार."

तीनच्या सुमाराला सासूबाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं. मी आनंदानं ओरडून काकांना सांगितलं. त्यांनी नुसता हात वर केला. तोंड मात्र आमच्याकडं वळवलं नाही.