पुठ्ठ्यामागचे चौगुले सर

चौगुले सर स्वतःच एका मोठ्या बँकेचा कॉम्प्युटर होते. शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीवर त्यांची एक खोली होती. मधोमध पुठ्ठ्याची भिंत आणि तिला टपालपेटीसारखी फट. आम्ही कागदावर आज्ञा लिहून फटीत टाकायच्या आणि आतून सर मशीनचं उत्तर लिहून बाहेर सरकवायचे. मोठ्या बँकांत मेनफ्रेम नावाचं अवाढव्य मशीन असतं, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम शिकली की नोकरी पक्की, असं नव्वदच्या दशकाअखेर आम्हा बेकारांत बोललं जाई. आमच्यापैकी कुणीच मेनफ्रेम पाहिलेली नव्हती. सरांकडे रद्दीतून आणलेली दोन जाडजूड पुस्तकं होती आणि ती त्यांना पाठ होती.

एक स्वल्पविराम चुकला की चिठ्ठी परत. वर फक्त एक नंबर.

"सर, पण चुकलं कुठं?"

"मशीन सांगत न्हाय. नंबर देतंय. पुस्तकात हुडक."

चिठ्ठी बिनचूक असली तरी तासभर थांबावं लागे.

"आत दुसरं कोण हाय, सर?"

"बँकेच्या पगाराचं काम चाललंय. तुझं त्याच्या मागं. गप बस मर्दा."

गिरणीवाले आप्पा म्हणत, "च्या घेणार काय इचारलं, तरी आतनं नंबर येतोय!"

चित्रांवर टिचक्या मारून चालणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरला सर 'सलूनमधला टीव्ही' म्हणत.

दोन हजार साल उजाडताच तारखांच्या घोळानं जगभरची मशीनं बंद पडणार, अशी हाकाटी होती. ती पडली नाहीत, बंद पडले ते ही मशीनं शिकवणारे बरेचसे क्लास. सरांकडची बाकीची पोरं काचेच्या दाराच्या एका क्लासला गेली. तिथं शिकवत कमी, पण मेनफ्रेमवर दोन वर्षं काम केल्याचा दाखला देत. सरांकडे मी एकटा उरलो.

अशात मुंबईच्या एका बड्या बँकेचं मुलाखतीचं पत्र आलं. माझी वयाची अट त्याच महिन्यात संपत होती.

"सर, दाखला द्या की. सगळीकडं देत्यात."

"खोटं लिहून आत शिरलास आन् आज्ञा चुकलास, तर हजार माणसांचा पगार अडकतोय. कळतंय का?"

तीन दिवसांनी त्यांनी एक बंद पाकीट दिलं. ते मुलाखतीतच फुटलं. एका साहेबानं मोठ्यानं वाचलं, "या मुलाने मेनफ्रेम पाहिलेली नाही. मीही पाहिलेली नाही. पण त्याने एकही चूक माझ्यापासून लपवलेली नाही." दुसऱ्यानं हसत पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यानं विचारलं, "मग तुम्ही काम केलंत तरी कोणत्या मशीनवर?"

"चौगुले सरांवर," मी म्हणालो.

त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली. परतीच्या एसटीत मी सरांना घालायच्या शिव्या जुळवत होतो.

कोल्हापूरच्या स्टँडवर ते उभे होते. मी कधी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळपासून प्रत्येक गाडी बघत होते, असं रसवाल्यानं सांगितलं. माझा चेहरा पाहून नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही.

"पत्र वाचलं त्यांनी?"

"तिघांनीबी."

"काय म्हणाले?"

जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

"सरांना एकदा घेऊन या म्हणाले. मशीन दाखवतो."

सरांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागले.  पेठेच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "आता कुठं जमतंय. पोरांचे तास बुडत्यात."

वर्गात मी एकटा होतो आणि माझंही शिकायचं कारण आता संपलं होतं. उद्या किती वाजता येऊ, एवढंच मी विचारलं.