बकुळीचे चिंचोके आणि स्वस्तातलं गणित

एका जंगलात, बाळांनो, एक सायाळ कुटुंब राहत होतं. सायाळ म्हणजे ते अंगभर काटे असलेलं. ए पुढच्या, हसू नकोस, तुझ्या आत्याबद्दल बोलत नाहीये मी. तर आईचं नाव अनसूयाबाई, बाबांचं काशीराम आणि त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं नाव बकुळी. नाव फुलाचं, अंग काट्यांचं. नाव ठेवताना आईबाप मुलाकडे नीट बघत नाहीत, हे तुम्हांला मोठेपणी कळेलच.

बकुळीला शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या पाडसाच्या मांडीत तिचा काटा रुतला. पाडस असं केकाटलं की शाळाच सुटली. मुलांना फार आनंद झाला, पण मुख्याध्यापकांना नाही. मुख्याध्यापक होते गवासर. अंगाने डोंगराएवढे आणि बोलायला मोजके.

"अनसूयाबाई, काटे तासून आणा, नाहीतर पोरीला घरी शिकवा," ते म्हणाले.

"घरी शिकवीन."

"ठीक. पाऊस लागायच्या आधी मी गणिताची परीक्षा घेईन. आलं तर आलं. नाही आलं तर काटे तासायचे आणि शाळेत यायचं."

आता सायाळीचे काटे तासले तर तिच्याजवळ राहतं काय? बिबट्या काही प्रगतिपुस्तक बघून सोडत नाही. बकुळी घाबरली. तिची आई तर त्याहून घाबरली, पण तिने ते दाखवलं नाही. आयांना ते जमतं.

खरं म्हणजे घाबरायचं काही कारणच नव्हतं. अनसूयाबाईंकडे एक जुनी पिशवी होती. तिच्यात चिंचोके. रोज संध्याकाळी मायलेकी बिळाच्या तोंडाशी बसायच्या. आई मूठभर चिंचोके घ्यायची आणि विचारायची, "एकी की बेकी?" बकुळी सांगायची. मग मूठ उघडून दोन दोन बाजूला काढायचे. बरोबर आलं तर चिंचोके बकुळीचे. चुकलं तर आईचे. हरली की बकुळी चिडून एखादा चिंचोका करकचून चावायची. जिंकली की वाटण्या करायची, "हे तुझे, हे माझे, उरलेले बाबांचे." बाबांना नेहमी कमी यायचे. तेही ती बरोबर मोजून कमी द्यायची.

सगळं छान चाललं होतं. आणि मग शेजारची सशीण आली.

"घरी शिकवताय म्हणे? कोणता प्रोग्राम लावलाय?"

"प्रोग्राम? नाही बाई, आम्ही आपलं चिंचोके..."

"अगंबाई! म्हणजे नुसतंच शिकवताय?"

ते 'नुसतंच' अनसूयाबाईंच्या काळजात घुसलं. स्वतःचे एवढे काटे, पण असा काटा त्यांना कधी टोचला नव्हता. रात्रभर कूस बदलत राहिल्या. शेजारी झोपलेल्या काशीरामांना ते बरंच लागलं.

सकाळी ठरलं. प्रोग्राम लावायचा. मजेशीर हवा, म्हणजे पोर रमेल. आणि स्वस्त हवा, कारण बिळाच्या मागच्या खोलीत कंदांची रास होती ती पावसाळ्याची बेगमी. तिला फार हात लावायचा नाही.

पहिला आला मोर. "नाचत नाचत बेरीज! मुलं घरी जायचं नाव काढत नाहीत."

"आम्ही घरीच आहोत. स्वस्त आहे ना?" काशीरामांनी विचारलं.

"नाच फुकट आहे हो. पिसाऱ्याच्या देखभालीचं तेवढं द्या."

रास निम्मी झाली. मोर नाचला. बकुळी बघत बसली. शेवटी तिने विचारलं, "काका, बेरीज कुठे होती?"

"नाचात होती. तुझं लक्ष नव्हतं."

दुसरा आला बगळा. त्याचं ध्यानगणित. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, की उत्तर आपोआप आतून वर येतं. बकुळी उभी राहिली आणि धाडकन पडली. पुन्हा उभी राहिली आणि उभ्याउभ्याच झोपली. बगळ्याला मात्र मधूनमधून आतून काहीतरी सुचायचं आणि तो पटकन डबक्यात चोच मारायचा. उरलेल्या राशीतली निम्मी तो घेऊन गेला.

"आई, एकी की बेकी खेळू या ना," बकुळी म्हणाली.

"आता नको, राजा. मी तुझ्या गणितासाठी प्रोग्राम शोधतेय ना? मला वेळ कुठाय?"

तिसरा आला कोल्हा. गळ्यात पाटी, चेहऱ्यावर हसू. त्याने आधी घरभर नजर फिरवली. चिंचोक्यांची पिशवी दिसताच तो असा दचकला, जणू साप दिसला.

"अरेरे! हे वापरता तुम्ही? मग पाया कच्चा राहणारच. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं तुम्हांला. द्या इकडे, मी विल्हेवाट लावतो. त्याचं वेगळं काही घेणार नाही."

असा भला माणूस, म्हणजे कोल्हा, अनसूयाबाईंनी पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी दिली, वर आभार मानले.

पुढच्या बाजाराला कोल्हा एक चकचकीत डबा घेऊन आला. वर लिहिलं होतं, 'खुदुखुदू गणित'. आत लाल, निळे, हिरवे मणी.

"एवढं स्वस्त जंगलात कुठे मिळणार नाही. तुमच्याकडे जेवढे कंद उरलेत ना, तेवढीच किंमत आहे बघा," कोल्हा म्हणाला.

"काय योगायोग!" काशीराम म्हणाले आणि मागची खोली रिकामी करून आले.

बकुळीने एक लाल मणी उचलला. उलटा केला. वास घेतला.

"आई, हा आपला चिंचोका आहे. हा बघ माझा दात."

अनसूयाबाईंनी पाहिलं. त्यांनी ओळखला, हं! लेकीचा दात कुठली आई ओळखत नाही? पण त्यांनी आख्खी रास दिली होती. एवढं दिल्यावर ओळखणं परवडत नाही.

"दात कोणाचाही असेल. आणि हाताळू नकोस. रंग जाईल," त्या म्हणाल्या.

डबा उंच फळीवर गेला. बकुळी कोपऱ्यात जाऊन रडली. मला इथे दरवेळी वाईट वाटतं. असो.

परीक्षेचा दिवस आला. सगळं जंगल जमलं. गवासरांच्या शेजारी काटे तासायची कानस ठेवलेली. मोर, बगळा आणि कोल्हा पुढेच बसले होते. पोरगी पास झाली तर 'आमची विद्यार्थिनी' म्हणायला आणि नापास झाली तर गर्दीत मिसळायला.

गवासर म्हणाले, "बाळ, आपल्या घरातलंच एखादं गणित घाल आणि तूच सोडव."

बकुळीने कानशीकडे पाहिलं. मग आईकडे. मग खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आमच्या मागच्या खोलीत पावसाळ्यासाठी कंदांची रास होती. त्यातली निम्मी मोरकाकांना दिली. उरलेल्यातली निम्मी बगळेकाकांना. मग जी उरली ती सगळी कोल्हेकाकांना, आमचेच चिंचोके परत घ्यायला. तर पावसाळ्यात खायला किती उरलं?"

"किती?"

"काही नाही, सर."

"बरोबर! अगदी बरोबर!" गवासरांनी कानस उचलून झुडपात भिरकावली. "काटे राहू द्या पोरीचे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या काशीराम वाजवत होते. मग हळूहळू वाजवायला लागले. मग थांबलेच. अनसूयाबाई तर कधीच्या खाली बसल्या होत्या.

तोवर कोल्हा उठून ओरडलाही होता, "पाहिलंत? ही आमच्या खुदुखुदूची कमाल!" आणि सशीण रांगेत पहिली उभी होती.

घरी जाताना काशीराम चाचरत म्हणाले, "वजाबाकी छान झाली. आता भागाकाराचं काहीतरी बघायला हवं."

"भागायला काय राहिलंय, बाबा?" बकुळी म्हणाली.

आभाळ भरून आलं होतं. अनसूयाबाईंनी फळीवरून डबा काढला, लेकीला जवळ घेतलं आणि मूठ पुढे केली. या वेळी "एकी की बेकी?" हे बकुळीनेच विचारलं.

तात्पर्य : घरात मजेशीर आणि फुकट गणित असेल तर ते ताबडतोब बाहेर द्यावं. विकत आणल्याशिवाय ते स्वस्त पडलं की महाग, हे कळणार कसं? आणि मुलाला हिशेब फार चांगला शिकवू नये. पहिला हिशेब ते आईबापांचाच करतं.