आबांचा डोळा आणि फ्रिजमधली बाटली

उसाचा पाला काढताना पात्याची कड गणपतरावांच्या डाव्या डोळ्यात गेली, तेव्हाच वर्षाराणी सासऱ्यांना म्हणाली होती, "आबा, डॉक्टरकडं जाऊया."

"पाल्याला कुठं डॉक्टर लागतोय व्हय?" असं म्हणून आबा डोळा चोळत चहाला बसले.

तासाभरात मुरगूडची अर्धी गल्ली घरात. सासूबाईंनी, म्हणजे अंबूबाईंनी, पदराच्या टोकानं डोळ्यातला नसलेला कचरा काढला. शेजारच्या चिमणाबाईंनी डोळ्यात मधाचं बोट फिरवलं. दूध घालायला आलेला गुंडू एरंडेल सुचवून गेला. वर्षाराणीचं डोकं तापलं. बारावी सायन्स झालेली ती घरात एकटीच, त्यामुळे अडाण्यांच्या बाजारात आपणच काय त्या शहाण्या, असं तिला मनापासून वाटत होतं.

"सरका सगळे. डोळा हाय का लोणच्याची बरणी?"

तिनं फ्रिजच्या दारातली बाटली काढली. अंबूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब होते ते. चांगलं महागाचं औषध, टाकून कोण देतंय? तिनं दिवसातून चार वेळा ते आबांच्या डोळ्यात घातलं. दोन दिवसांत लाली गेली.

"ह्याला औषध म्हणतात, आत्ती," ती सासूला म्हणाली. पुढे दिवसभर म्हणतच राहिली.

चौथ्या दिवशी आबांना उजेड सोसेना आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. डोळा गेला तर काय, या विचारानं वर्षाराणीनं पहिल्या एसटीनं त्यांना कोल्हापूरला नेलं.

डॉक्टर संयोगिताबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला. "बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. पाल्यानं त्याला ओरखडा पडला आणि आत बुरशी शिरली. डोळ्यात काय काय घातलंत?"

वर्षाराणीला हेच हवं होतं. "मध घातला, पदर घातला, मी कितीदा सांगितलं, पण आमच्यात कोण ऐकतंय? औषध म्हणून घातलं ते एवढंच." तिनं पर्समधून बाटली काढून ऐटीत टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती वाचली. "मध, पदर चुकीचंच. पण यात स्टेरॉइड आहे. यानं लाली जाते आणि आत बुरशी फोफावते. हे कुणी घातलं?"

वर्षाराणीनं टेबलावरची बाटली हळूच मागं ओढली.

"मीच," गणपतराव म्हणाले. "बायकोची बाटली हुती, वाया कशाला घालवायची म्हटलं."

पुढची दहा मिनिटं डॉक्टरीणबाईंनी त्यांची खरडपट्टी काढली. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "नजर वाचेल. पण नवे थेंब दर तासाला, न चुकता."

परतीच्या एसटीत तास भरला. वर्षाराणीनं आबांच्या डोळ्यात नवा थेंब सोडला. तिचेही डोळे भरले होते.

"आबा, तुम्ही कशाला..."

"ऱ्हाऊ दे की," आबा डोळा मिटून म्हणाले. "बाई तुला दहा मिंटं बोलली असती. मग घरी येऊन तू आम्हाला महिनाभर बोलली असतीस."