सासूबाईंचे तीन वर

भिंतीवर काहीही टांगायचं असलं की खुशाल मला बोलवा. आरसा म्हणा, घड्याळ म्हणा, माझ्या हातचं आजवर केसभरही कललेलं नाही.

म्हणूनच सासूबाई कायमच्या आमच्याकडे येणार ठरलं, तेव्हा त्यांची सिरॅमिकची तीन पॅनेल्स लावायचं काम मी ओढूनच घेतलं. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच. "करमलं नाही तर आठवड्यात परत जाईन," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"आईनं तरुणपणी स्वतः केलीत ती," बायको म्हणाली. "दारातून आल्या आल्या दिसली की तिला घर आपलं वाटेल. नीट लावशील ना?"

पॅनेल्स देवा-संतांच्या जुन्या चित्रांवरून केलेली, पण नव्या चालीची. म्हणजे नाक त्रिकोणी, डोळे कुठेही, एक लांबलचक हात आणि एक सोनेरी गोळा. डोकं कुठलं नि पाय कुठले, देवच जाणे. टांगायच्या कड्या गंजून गळाल्या होत्या. पण प्रत्येकाच्या मागच्या फळीवर, एका कडेला, ठळक लिहिलं होतं: 'वर'.

"हे चित्राचं नाव," मी म्हणालो. "देव वर देतोय!"

"अरे, आईला विचारू या का?"

"त्यात काय विचारायचंय? नाव नेहमी चित्राच्या खालीच असतं."

ती कड खाली घेऊन मी नव्या कड्या बसवल्या. अक्षरं उलटी झाली, पण कलावंतांचं असतं असं काहीतरी. हात वरून खाली येतोय, म्हणजे देव देतोय. खाली गोळा, म्हणजे पृथ्वी. शेजारचे निवृत्त चित्रकला मास्तर पाच मिनिटं मान वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, "काय करुणा आहे हो त्या हातात." झालं! मी 'तीन वर' अशी पितळी पाटीच कोरून आणली आणि खाली ठोकली.

सासूबाई आल्या. भिंतीकडे बघितलं आणि हातातल्या बॅगेसकट मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी. मी बायकोकडे ऐटीत बघितलं.

"जावईबापू, तिन्ही संत डोक्यावर उभे केलेत तुम्ही."

गोळा म्हणजे डोक्यामागचं तेजोवलय होतं. मी घाईघाईनं एका पॅनेलच्या मागे बोट दाखवलं. "पण मागे 'वर' लिहिलंय..."

"म्हणजे ही बाजू वर." त्यांनी डोळे पुसले. "लग्न झाल्यावर ह्यांनीही अशीच उलटी टांगली होती. म्हणून तर लिहून ठेवावं लागलं. मला वाटलं होतं, ह्यांचं सगळं त्या घरातच राहिलं."

मी शिडी आणायला निघालो.

"राहू द्या हो तशीच. मीही राहते." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तुलाही वर अगदी माझ्यासारखाच मिळालाय गं."

पितळी पाटी तेवढी बायकोनं बदलून आणली. आता तिच्यावर 'दोन वर' असं आहे.