अखेरच्या किंगरीवाल्याचं शूटिंग

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती! म्हणजे होती; पण मी ती कुणापुढे कबूल केलेली नाही आणि करणारही नाही.

धरणगावात 'भूषण व्हिडिओ' म्हणजे मी. चौदा वर्षांत सहाशे लग्नं शूट केली. तरी माझा मेहुणा कुंदन भर पंगतीत म्हणाला, "दाजी, तुम्ही आपली हळद शूट करा. कला वगैरे तुमचं काम नाही." पंगतीत शेवभाजी होती. शेवभाजी म्हणजे माझा जीव की प्राण! पण मी वाटी बाजूला सारली आणि गरजलो, "जळगावच्या माहितीपट स्पर्धेत पहिला नंबर आणेन, तेव्हाच तुझ्या घरची शेवभाजी खाईन!"

सारिका, म्हणजे माझी बायको, कपाळाला हात लावून बसली. बसू दे.

विषय माझ्या डोक्यात तयार होता. चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर सुपडू आबा किंगरी वाजवतात. नारळाच्या करवंटीवर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी, दोन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज, ही किंगरी. माहितीपटाचं नावही ठरलं : 'अखेरचा किंगरीवाला'. पोस्टर छापून झालं. फक्त शूटिंग बाकी होतं!

पाड्यावर पोचलो तर आबा नवाकोरा शर्ट, मनगटावर घड्याळ आणि काळा गॉगल लावून खाटेवर बसलेले. माझ्या पोस्टरवरच्या म्हाताऱ्याशी काही केल्या जुळेना.

"आबा, एखादा फाटका सदरा नाही का?"

"शे ना."

"मग तो घाला की!"

"तो म्हैस पुसाना शे. फोटू मना काढना शे का म्हैसना?"

गॉगल गेला नाही. मी दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, कॅमेऱ्याकडे बघून एवढंच म्हणा, माझ्यानंतर किंगरी संपणार."

"कसाले संपी?"

"आबा, स्पर्धेत तसंच लागतं!"

"मंग स्पर्धाले सांग, सुपडू नही म्हनस."

आबांची बायको दिवालीअक्का चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मात्र तिने अशी वाढली की माझा राग दोन घासांत विरघळला.

आबांनी लग्नातल्या चाली वाजवल्या, होळीतल्या वाजवल्या. एक चाल मात्र ते वाजवेनात. कुणी गेलं की किंगरीवाला टेकडीवरून ती वाजवतो. तिला हाक म्हणतात. हाक कानावर पडली की सात पाड्यांची माणसं हातातलं काम टाकून, घरटी एक लाकूड घेऊन निघतात. मग गेलेल्या माणसाची सगळी कथा किंगरीवर गायची. त्यात चांगलं येतं तसं वाईटही येतं, खोटं काही चालत नाही. आता हे सोडून माहितीपट कसा करणार?

"ती उगाच वाजाडतस नही," आबा म्हणाले. गॉगल काढून म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आज खोटी वाजनी, ते उद्या खरी वाजनी तरी कोनी येवाव नही. मी मरनू ते माले कोन उचली?"

पण मी भूषण! दिवसभर मागे लागलो. शेवटी आबा तयार झाले : घरात बसून, दार लावून, हळू आवाजात. चाल दाराबाहेर जायची नाही. मी शपथ घेतली. अक्काने दाराच्या फटीत गोधडी कोंबली. आबांनी वाजवली आणि माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी आबा बाजाराला गेले, अक्का शेतात. मी अंगणात बसून कालचं ऐकत होतो. सगळं होतं, पण डोंगराचा घुमारा नव्हता! आणि माझ्या गाडीत वरातीचे दोन मोठे स्पीकर होते. आता बघा, आबांचं म्हणणं काय होतं? चाल दाराबाहेर जाऊ नये. माझी गाडी तर मुळातच दाराबाहेर उभी होती!

स्पीकर लावला, घुमारा टिपायला माइक डोंगराकडे धरला. सातपुड्याने असा काही घुमारा दिला की मी जागच्या जागी उडी मारली. मध्येच कुत्रं भुंकलं. रिटेक! दुसऱ्या वेळी कोंबडा आरवला. पुन्हा रिटेक! तिसरा टेक असा झाला की कुंदनच्या सात पिढ्यांनी ऐकत राहावं.

वीस मिनिटांत शेजारच्या पाड्यावरचा रोहिदास मोटारसायकलवरून आला. मागे हे एवढं लाकूड बांधलेलं.

"कोन मरनं?"

"कुणी नाही! शूटिंग चाललंय."

"आसं कसं? तीनदा वाजनी. तीन जन गयात का?"

मी तोंड उघडेपर्यंत मागून आलेल्या चौघांनी 'तीन' एवढंच ऐकलं. आज बाजाराचा दिवस. एका वेळी तीन माणसं जायची म्हणजे जीप उलटल्याशिवाय कशी जातील? "बजारनी जीप पलटनी!" हा ओरडा डोंगर उतरून गेला, आणि ज्यांचं ज्यांचं कुणी बाजाराला गेलं होतं ते सगळे ऊर बडवत आले. अंगणात लाकडांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत पोचला. मी गाडीच्या टपावर चढून ओरडत होतो, "कुणी मेलेलं नाही! घरी जा!" माझं कोण ऐकतो?

इतक्यात खालून दिवालीअक्का धावत आली. हातात विळा, केस सुटलेले, हाका मारून घसा बसलेला. आणि बाजाराच्या वाटेने कांद्याची पिशवी छातीशी धरून सुपडू आबा. दोघं अंगणाच्या मधोमध एकमेकांसमोर थांबली.

"तू जित्ती शे?"

"तू जित्ता शे?"

"शे ना."

"मंग मी येवढी रडनी कसाले!" असं म्हणून अक्काने ती कांद्याची पिशवी हिसकली आणि त्याच पिशवीने आबांना दोन रट्टे घातले. मग त्यांचं मनगट धरून खाली बसली, ते तासभर सोडलंच नाही.

मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण मी टपावरून उतरलो नाही. उतरलो असतो तर जिवंत राहिलो नसतो हेही एक कारण होतं.

वरून मोजलं, तर जमलेल्या माणसांत किंगऱ्या किती असाव्यात? अकरा! अखेरच्या किंगरीवाल्याच्या अंगणात अकरा किंगऱ्या, त्यातल्या चार बायांच्या हातात. आणि सगळ्यांत सुरेल वाजवते ती दिवालीअक्का, हे मला तेव्हा रोहिदासने सांगितलं.

"दोन दिवसांत मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू इचारं का?"

आबा उठले. "हाक वाजनी," ते म्हणाले. "सात पाडा धावत उनात. आते ती खोटी जावाले नको. कोनले तरी मराले पडी."

सगळ्यांनी आधी लाकडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी नाही मरणार! काय करायचं ते करा!"

"तू वाजाडी, तूच आडवा व्हय," आबा म्हणाले.

"नुसता आडवा व्हय रे भाऊ," रोहिदास समजुतीने म्हणाला. "बाकी आम्ही पाहतो."

"बाकी म्हणजे काय?"

मी शेवटपर्यंत झुंजलो. एक अट घातली, कॅमेरा चालू राहील! ती मान्य झाली, मगच चटईवर पडलो. कुणीतरी माझे डोळे मिटले, कुणी छातीवर झेंडू ठेवला. अकरा किंगऱ्या एकदम उठल्या आणि आबांनी माझी कथा गायला घेतली :

"धरणगावना भूषण गया, वं माय,
चार भाकरी खाये, पाचवीले नही म्हने नही.
सांगो ते आयके नही, वं माय,
इचारे, पन जवाब आयके नही!"

"पाचवी मी खाल्लीच नाही!" मी मान वर केली.

"मरेल मानूस बोलस नही," म्हणत रोहिदासने मान परत खाली दाबली.

बाया खरोखर रडत होत्या. माझी काल-आज ओळख झालेली माणसं माझ्यासाठी रडत होती! आबा गात होते की हा लांबून आला, उन्हात उभा राहिला, म्हशीला कुरवाळून गेला, अक्काची डाळ खाऊन तिला 'आई' म्हणाला. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. मी सहाशे लग्नांत लोकांकडे बघत उभा राहिलो, पण माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

मग आबांनी माझ्या कपाळाला हात लावला. "ऊठ. हाक पोचनी." त्या लाकडांवर सात पाड्यांचा स्वयंपाक झाला. अक्का पाचवी भाकर घेऊन आली, तेव्हा मी ताठ मानेने ताट झाकलं!

माहितीपटाचं नाव बदललं, 'अकरा किंगऱ्या'. पोस्टर वाया गेलं. स्पर्धेत नंबर आला नाही, पण मी हरलो असं म्हणणार नाही. कुंदनच्या घरी टीव्हीवर लावला, तर तो डोळे पुसत म्हणाला, "दाजी, तुमच्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं. घ्या, शेवभाजी खा."

"पहिला नंबर आल्याशिवाय नाही!"

सारिकाने वाटी सरकवली आणि ताल धरला, "सांगो ते आयके नही, वं माय..." अख्खी पंगत मागे म्हणू लागली. खाल्ली मग. काय करणार!

गेल्या महिन्यात रोहिदासचा फोन आला. वरच्या पाड्यातला एक म्हातारा खरंच गेला होता. मी खोटी केलेली हाक. आता कोणी येईल का? गाडीत बाभळीचं एक लाकूड टाकलं आणि निघालो. कॅमेरा घरी ठेवला.

टेकडीखाली पोचलो, तर सातही पाडे आलेले. पाय ठेवायला जागा नव्हती. मी खांद्यावर लाकूड घेऊन गर्दीतून वर चढलो. आबा टेकडीवर किंगरी घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं, गज थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले :

"पाहा! हाक खरी शे. मरेल मानूस बी उना!"