मंजुळाबाईसाहेबांच्या एका तासाची हकीकत

श्रीलेखणीस नमन, शाईस नमन, आणि ज्यांस लिहावयास कोपरा मिळाला त्या समस्त भाग्यवंतांस दुरूनच नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, तीन खोल्यांचे एक राज्य होते. त्याचे नाव लिहिणे नलगे. तेथील कारभार मंजुळाबाईसाहेब पाहात, आणि त्यांचे वडील आबासाहेब, स्मरण ढळू लागले सबब, लेकीपाशी येऊन राहिले होते. बाई वर्षाच्या असता त्यांच्या मातुःश्री निवर्तल्या; त्यांची हकीकत जाणणारा आबासाहेबांवाचून दुसरा इसम पृथ्वीवर नव्हता. तेव्हा त्यांस आठवते आहे तोवर लिहून ठेवावी, ऐसा बाईंनी निश्चय केला आणि वही आणविली. मग लेखणी टेकावी तो चिरंजीव ओरडत, "आई, डबा!" आणि डबा रवाना करावा तो यजमान विसाजीपंत न्हाणीघरातून गर्जत, "अगं, टॉवेल!" आणि टॉवेल पोचवावा तो शिलिंडर संपे, आणि मग आबासाहेब पुसत, "मी काय सांगत होतो?" ऐसे सहा महिने गेले आणि वहीत चार ओळी जाहल्या, पैकी एक वाणसामानाची.

मग एके दिवशी कणीक तिंबता बाईंचे डोळे भरले, ते सासूबाईंनी पाहिले आणि बोलिल्या, "रडतेस काय? तासच पाहिजे ना? घे!" आणि हुकूम सुटला की सकाळी दहा ते अकरा बाईंचे दार बंद, ब्रह्मदेव आला तरी उघडू नये. सासूबाई जातीने लाटणे घेऊन चौकीस बसल्या. विसाजीपंत आले, "किल्ली आत राहिली," तो उत्तर मिळाले, "पायी जा."

नववे दिवशी आबासाहेब लगबगीने आले आणि म्हणाले, "विहीणबाई, मंजूला बोलवा. तिची आई तिला मांडीवर घेऊन कोणत्या नावानं हाक मारायची, ते आत्ता आठवलं!"

"व्याहीबुवा, अकरा वाजू द्यात. हुकूम म्हणजे हुकूम."

"विसरेन हो मी."

"मग मला सांगून ठेवा."

"छे! ते लेकीच्याच कानात सांगायचं." आणि स्टुलावर बसले.

आत बाईंस कुजबूज ऐकू आली, शब्द उमगले नाहीत, परंतु दार कोणी वाजवीत नाही हे पाहून जन्मात प्रथमच त्यांस राज्यात कायदा असल्याचे समाधान वाटले, आणि त्यांनी लिहिले, "आई मला", आणि पुढे अडल्या.

अकरा वाजले, दार उघडले, सासूबाई म्हणाल्या, "हं, सांगा आता!" आबासाहेबांनी बाईंकडे फार वेळ पाहिले, मग अदबीने हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माझ्या मुलीला जरा बोलावता का?"

सारांश, तो तास राज्यात अद्याप पाळला जातो. सासूबाईंनी चौकी उठविली, बाई दार सताड उघडे टाकून बसतात, आणि आबासाहेब शेजारच्या खुर्चीवर बसून खिडकीबाहेर पाहतात. ठाऊक होते तितके लिहिले. अधिक जाणणारा कोणी उरला नाही.